पाण्याला लोखंडाची चव

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि चालल्याची नोंद ठेवायलाही. आता चालण्याबद्दल लिहिण्यासारखं काय असतं? औषधाच्या दुकानापर्यंत गेलो, परत आलो, छातीत दुखलं नाही. झालं. उरलेलं पान रिकामं सोडवत नाही म्हणून दुसरं लिहितो.

स्वयंपाकघरातला नळ गळतोय. प्लंबर रोज 'उद्या येतो' म्हणतो. मुलाला ऑफिसातून मान वर करायला फुरसत नाही आणि सूनबाईंना घरूनच काम करायची परवानगी मिळाली असली तरी त्याही दिवसभर दार लोटून आत असतात. टपटप ऐकायला घरात मी एकटाच. शेवटी पाना घेऊन मीच बसलो. आयुष्य गेलं रंगाच्या कारखान्यात छटा जुळवण्यात. गिऱ्हाइकाने चिंधी आणून दिली की तसाच रंग बनवून द्यायचा. पाना कधी हातात धरला नव्हता. वरची मूठ काढली, आतला भाग सोडवला, आणि पाण्याचा फवारा थेट चष्म्यावर. मेन कॉक आधी बंद करायचा असतो हे मला पाण्यानेच शिकवलं.

सूनबाई धावत आल्या. आधी मला खुर्चीवर बसवलं, नाडी बघितली, मग कॉक बंद केला. "बाबा, तुम्हाला आराम सांगितलाय ना?" म्हणाल्या. मी म्हणालो, "अगं, मी आरामातच भिजलोय." हसली. हल्ली हसते कमी.

(इथे मी तिला 'त्या' लिहितो आणि 'ती'ही लिहितो. तोंडावर अगं-तूगंच आहे. चालायचंच.)

मंगळवार, ५ मार्च

नवं वायसर बसवलं. दिसायला रबराची एक चकती, नखाएवढी. ती झिजली की अख्खं घर टपटप ऐकतं. हार्डवेअरच्या दुकानदाराने लहान मुलाला सांगावं तसं सगळं समजावून दिलं. नळ गळायचा थांबला. मी शंभर वेळा उघडून-बंद करून पाहिला.

ही असती तर म्हणाली असती, "आता पुन्हा बिघडवू नका."

शुक्रवार, ८ मार्च

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं. मी बाल्कनीत होतो. मुलगा आणि सूनबाई आतल्या खोलीत बोलत होते.

तो म्हणाला, "पुढचं वीस तारखेला. सहापैकी एक झालं, बस."

ती म्हणाली, "बाबांना कळता कामा नये. एवढ्यात तर नाहीच."

मी तिथेच उभा राहिलो, हातात वाळलेला टॉवेल घेऊन. समजायचं ते समजलो. घर पाहिलंय त्यांनी. नवं घर, आणि सहापैकी एक हप्ता भरून झाला. म्हाताऱ्याला नुकतीच छातीत नळी घातलीय, आत्ताच सांगायला नको, हळूहळू सांगू.

राग कुणाचा धरायचा? त्यांचं वय आहे. हे घर जुनं, पाणी धड येत नाही, खिडक्या लागत नाहीत. परवाच ती म्हणाली, "बाबा, या पाण्याला लोखंडाची चव येते का हो?" मला येत नाही. पण मला सवय झाली असेल. चहा तसाच ठेवून उठते. जेवत नाही धड. चेहरा उतरलाय. मी छटा जुळवणारा माणूस, मला दिसतं. पांढऱ्यात पिवळा जरा जास्त पडलाय. कोंदट घरात राहून माणसाचं तसं होतं.

शनिवार, ९ मार्च

रात्रभर विचार केला आणि सकाळी ठरवलं. जाणार असतील तर जातील, पण घराला नावं ठेवून जाणार नाहीत.

नळाच्या तोंडाशी एक जाळी असते, पाणी सारखं पडावं म्हणून. ती फिरवून काढली. आत गंज, वाळू आणि कसलातरी हिरवट थर. व्हिनेगरमध्ये भिजत घातली, जुन्या ब्रशने घासली. पाण्याची धार एकदम मोकळी झाली. पहिला पेला सूनबाईंना नेऊन दिला. घोट घेताना तिचं तोंड जरासं वाकडं झालं, पण लगेच म्हणाली, "हो बाबा, आता बरं लागतंय." सगळा पेला संपवला.

इतकं समाधान मला कारखान्यात निळा जुळल्यावरही झालं नव्हतं. आणि निळा जुळवणं महाकठीण.

मंगळवार, १२ मार्च

सिंकखालून वास येतो म्हणे. मला येत नाही. पण ती सकाळी स्वयंपाकघरात आली, नाकाला पदर लावावा तसा ओढणीचा शेव लावला, आणि तशीच बेसिनकडे धावली. ओकारीचा आवाज माझ्यापर्यंत आला. मुलगा ऑफिसला निघाला होता, तो बूट काढून परत आत गेला.

दुपारी सिंकखाली बादली ठेवून ट्रॅप सोडवला. ट्रॅप म्हणजे पाइपाचा तो वाकडा भाग. दुकानदार म्हणाला, "काका, ते वाकडं मुद्दाम असतं. त्यात थोडं पाणी साठून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही." आत एक चमचा सापडला, बाटलीची दोन झाकणं, आणि जे काही होतं त्याची छटा मी इथे लिहीत नाही. धुतलं, उकळतं पाणी ओतलं, झाकण घट्ट केलं. बाथरूमच्या मोरीतही तांब्याभर पाणी टाकलं. बरेच दिवस पाणी गेलं नाही तर तिथला ट्रॅप कोरडा पडतो आणि वास येतो. आता घरात फुलाचाच वास यावा!

संध्याकाळी समोरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या. मी कौतुकाने सगळं सांगितलं. पाण्याची चव, वास, ओकारी. वहिनी माझ्याकडे बघून गालात हसल्या. "अहो भावजी, नळ कसले दुरुस्त करताय? तोंडाला चव नाही, वास सहन होत नाही. तुम्ही आजोबा होणार!"

मी दार लावून तिथेच भिंतीला टेकलो.

असं आहे होय! आणि मी खुळ्यासारखा हप्ते मोजत बसलो. 'बाबांना कळता कामा नये, एवढ्यात तर नाहीच.' बरोबर आहे, पहिले तीन महिने कुणी सांगत नाही. 'सहापैकी एक' म्हणजे डॉक्टरकडच्या खेपा असतील. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही वाट बघता बघता गेली. तिच्या फोटोसमोर जरा उभा राहिलो. तिला कळलं असेल.

विचारणार नाही. त्यांनी सांगेपर्यंत मला काही माहीत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

बाथरूमची मोरी तुंबली. पाणी घोट्यापर्यंत. तारेचा आकडा करून आत घातला आणि ओढला, तर केसांची ही एवढी गुंतवळ! लांब, काळेभोर. ओढतोय, ओढतोय, संपतच नाही. अर्धी बादली भरली. गरोदरपणात केस गळतात म्हणतात. की बाळंत झाल्यावर? कुणाला विचारावं?

रविवार, १७ मार्च

मोरी पुन्हा तुंबली. परवापेक्षा जास्त केस.

जेवताना मी सहज म्हणालो, अगदी हसत म्हणालो, "अगं, केस बाहेर विंचरून मग अंघोळीला जात जा. मोरीत इतके केस गेले तर एक दिवस आपल्याला पोहत बाहेर यावं लागेल."

ती चमचा हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "हो बाबा. लक्षात ठेवीन." आवाज नेहमीसारखाच होता. मुलगा मात्र ताट सरकवून उठला, न जेवता. मी म्हणालो, "अरे, मी काय वाईट बोललो?" तो खिडकीशी पाठ करून उभा. "काही नाही बाबा. तुम्ही जेवा."

काहीतरी चुकलं. या दिवसांत बायकांना बोललेलं लागतं. ही असती तर टेबलाखालून पाय दाबला असता.

बुधवार, २० मार्च

दोघं सकाळीच बाहेर पडले. तिच्या ऑफिसचं काम आहे म्हणाले. मी मनात हसलो. काळोख पडायच्या जरा आधी आले. मुलाने तिला दंडाला धरून आणलं. ती सरळ आत गेली. पोटातलं पोर त्रास देत असणार.

मनगटाच्या वर निळसर-जांभळा डाग होता. विचारलं तर म्हणाली दार लागलं. दार बरोबर शिरेवर कसं लागलं कोण जाणे.

शनिवार, २३ मार्च

बाथरूमचा नळ तिला फिरवत नाही. हातात जोर नाही म्हणते. आतला भाग गंजला असेल म्हणून तो अख्खा बदलला आणि गोल मुठीऐवजी एका बोटाने सरकेल असा दांडा बसवला. आटे जरा तिरके बसत होते. सफेद टेप भरपूर गुंडाळून पान्याने ताकद लावून आवळला. ताकद लावू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण डॉक्टरांच्या घरी सून गरोदर नाही.

मंगळवार, २६ मार्च

मोरी स्वच्छ! तारेचा आकडा घातला, एक केस नाही. माझ्या बोलण्याचा उपयोग झाला म्हणायचा.

आणि आज तिचे केस फार नीट दिसले. खांद्यापर्यंत कापलेत. रंगवलेतही. पूर्वीचे काळे, पण त्यात तपकिरी झाक होती. हे निव्वळ काळे, एक छटा गडद. मी म्हणालो, "अगं, छान दिसतंय. पण रंगवायच्या आधी मला विचारायचंस, मी अचूक जुळवून दिला असता." तिने डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी नक्की."

शनिवार, ३० मार्च

घाईत लिहितोय, अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल.

मुलगा कामावर गेला होता. मी पेपर वाचत होतो. बाथरूममधून बंदुकीसारखा आवाज आला आणि मागोमाग तिची हाक, "बाबा! मेन बंद करा!"

मी बसवलेला तो नळाचा भाग उडाला होता. तिरक्या आट्यांवर जबरदस्तीने आवळलेला, दुसरं काय होणार? दार सताड उघडं, पाण्याचा खांब छतापर्यंत. कॉक बाथरूमच्या दाराबाहेर, वर. तो घट्ट बसलेला. पाना आणून दोन ठोके घातले तेव्हा फिरला. पाणी थांबलं. मी म्हणालो, "लागलं का तुला?" आणि आत बघितलं.

आधी खुंटी दिसली. खुंटीवर केस होते. निव्वळ काळे, एक छटा गडद.

मग ती दिसली. गाऊन नखशिखांत भिजलेला, भिंतीला धरून उभी. डोक्यावर एक केस नाही. भुवयाही जवळजवळ नाहीत, रोज पेन्सिलीने काढत असणार, त्या धुऊन गेल्या.

मी दारात, ती आत. छतावरून थेंब पडत होते. मी टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला, पण डोकं झाकलं नाही. पहिलं वाक्य काय बोलली? "बाबा, तुम्ही आधी खुर्चीवर बसा. तुमची जिभेखालची गोळी कुठंय?"

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो, "तू बस."

ती स्टुलावर बसली. "छातीत गाठ आहे," म्हणाली. माझा हात आपसूक माझ्या छातीवर गेला. "तुमच्या नाही बाबा. माझ्या."

मग सगळं सांगितलं, हळू आवाजात, मला समजेल अशा बेताने. मी अतिदक्षता विभागात होतो त्याच आठवड्यात तिचा रिपोर्ट आला. मला धक्का बसू द्यायचा नाही, ताण नको, हे डॉक्टरांनी दोघांना बजावून सांगितलेलं. सहा वेळा शिरेतून औषध द्यायचंय, दोन झाली. मग ऑपरेशन. औषधाने तोंडाला धातूची चव येते. वास सोसत नाही. हाताची शीर सुजते. आणि केस जातात.

एकेक ऐकत होतो आणि एकेक नळ आठवत होता. जखम मांडीला, मलम शेंडीला. वहिनींनी सांगितलेलं मात्र मी तिला बोललो नाही. कधीच बोलणार नाही.

"जेवताना केसांचं बोललो मी," म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली. "आणि मोरी खरंच तुंबली होती, बाबा."

इथे तिला हसू आलं. हसता हसता रडू आलं, आणि मग नुसतं रडूच. माझ्यासमोर ती कधी रडली नव्हती. मी ओल्या फरशीवर उभा राहून तिच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्याने ठेवावा की नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

रविवार, ३१ मार्च

मुलावर ओरडलो. आज पहिल्यांदा, तो मोठा झाल्यापासून. "मी माणूस आहे की काचेचं भांडं? घरात एवढं चाललंय आणि मी वायसर बदलत हिंडतोय!"

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्हाला काही झालं असतं तर? मला दोघांपैकी एकाला निवडायला लावू नका, बाबा." खुर्ची ओढून बसला. "रोज ऑफिसातून येताना जिन्यात उभा राहायचो. वर तुम्ही हसत दार उघडणार, म्हणून चेहरा नीट करून मग यायचो. कुणाला तरी सांगावंसं वाटायचं हो. तुम्हालाच सांगावंसं वाटायचं."

मग मी काय ओरडणार? एवढासा होता तेव्हा ताप आला की माझ्या कुशीत शिरायचा. आज त्याच्या कानशिलाजवळ पांढरे केस दिसले. ते कधी आले?

रजा संपत आल्यात त्याच्या. पुढच्या खेपेला हॉस्पिटलात मी जाणार, असं जाहीर केलं. दोघं एका सुरात "नाही" म्हणाले. मी म्हणालो, माझे डॉक्टर चाला म्हणतात, तर चालतो तिथपर्यंत. शेवटी माझ्या डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, "जाऊ द्या. घरी बसून विचार करण्यापेक्षा बरं."

सोमवार, १ एप्रिल

प्लंबर आला! आट्यांची अवस्था बघून म्हणाला, "हे कुणी केलं?" मी म्हणालो, "एक मूर्ख होता." सूनबाई आतून हसल्याचं ऐकू आलं.

बुधवार, १० एप्रिल

तिसरी खेप. सकाळी टॅक्सीने गेलो. तिने रुमाल बांधला होता, केस घरी ठेवले. "गरम होतं त्यात," म्हणाली.

मोठी खोली, भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत कुणीतरी. मला वाटलं होतं तिथे सगळे रडत असतील. एक बाई भाजी निवडत होती. एक गृहस्थ नर्सशी क्रिकेटवरून भांडत होते. शीर पटकन सापडेना. नर्सने सुई बाहेर काढून पुन्हा घातली, तेव्हा सूनबाईंनी माझी बाही घट्ट धरली. मी दुसरीकडे बघितलं, मग लाज वाटून तिच्याकडेच बघत राहिलो.

औषध लाल असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "याला काय म्हणतात तुमच्या कारखान्यात?" मी म्हणालो, "याला आम्ही नापास म्हणतो. भडक आहे, परत पाठवा." शेजारच्या खुर्चीतला माणूसही हसला.

डॉक्टर तरुण आहेत. गाठ तपासून म्हणाले, लहान होतेय, मऊ पडतेय, औषध लागू पडतंय. पुढचं आत्ताच सांगता येणार नाही. मी बाहेर जाऊन मुलाला फोन केला. सगळं सांगून मी म्हणालो, "ऐकू येतंय ना?" तो म्हणाला, "येतंय बाबा. परत एकदा सांगा."

परत सांगितलं.

शनिवार, १३ एप्रिल

औषधानंतरचा तिसरा दिवस सगळ्यात वाईट, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. आता ती सांगते. कालपासून पडून आहे. पाणीसुद्धा ठरत नाही.

सकाळपासून मी तिच्या दारात कितीदा गेलो, देव जाणे. लिंबू आणू का? खिडकी उघडू का? पडदा ओढू? रेडिओ लावू? उशी बदलू? सूप गार करून देऊ? बर्फाचा खडा चोखतेस का? प्रत्येक वेळी मान हलायची, नको. दुपारी मी पंखा घेऊन गेलो. तो कुठे ठेवावा म्हणून टेबल सरकवत होतो, तर टेबलाचा पाय करकरला.

"बाबा!"

ती ओरडली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. मी पंखा हातात धरून उभा.

"काही आणू नका. काही करू नका," डोळे मिटूनच म्हणाली. "मला खूप त्रास होतोय आणि त्याला आत्ता काहीच उपाय नाहीये. नुसते बसा इथे."

मी पंखा खाली ठेवला. पलंगाशेजारी खुर्ची होती, तिच्यात बसलो. हात कुठे ठेवावे कळेना, मांडीवर ठेवले. काहीच न करता बसायचं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. ती कुशीवर वळायची, कण्हायची, मी उठायला बघायचो आणि पुन्हा बसायचो. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीला लागला. केव्हातरी तिने कूस माझ्याकडे केली आणि हात पलंगाच्या कडेवर आणला. मी माझा हात त्याच्याजवळ ठेवला. तिने धरला. मग तिचा श्वास संथ झाला आणि ती झोपली.

मुलगा आला तेव्हा हात तसाच होता. त्याने दारातून बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं. तो आवाज न करता आत आला, पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसला, आणि डोकं मागे टेकून त्यानेही डोळे मिटले.

दोघांना झोपू दिलं. उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण मी तो काढला नाही.